रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम : भूकंपलेखांचे वाचक

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र १२ किलोमीटरांच्या किंचित पलीकडे जाऊन थांबले. त्याखालच्या प्रदेशाविषयी आज जे निश्चित ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग भूकंपतरंगांच्या नोंदी वाचून मिळालेला आहे. या नोंदी पद्धतशीरपणे वाचणाऱ्या पहिल्या पिढीत रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचे स्थान फार वरचे आहे. पृथ्वीला एक वेगळा गाभा आहे, हे त्यांनी १९०६ मध्ये भूकंपाच्या पुराव्याने दाखविले. त्यांची ही विद्या भारतात घडली आणि आसामातील एका महाभूकंपाच्या कागदपत्रांवर तिची परीक्षा झाली. म्हणून भारताच्या ज्ञानव्यवहाराचा इतिहास पाहणाऱ्याला हे चरित्र परके वाटू नये.

ओल्डहॅम यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिन येथे झाला. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम हे भूशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५१ मध्ये ते कलकत्त्यास आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेची घडी त्यांनी बसविली. १८६९ च्या जानेवारीत काछाड येथे झालेल्या मोठ्या भूकंपाचा त्यांनी अभ्यास आरंभिला होता. भारतात पूर्वी झालेल्या भूकंपांची कालानुक्रमे सूचीही ते तयार करीत होते. परंतु १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दोन्ही कामे हस्तलिखितांच्या रूपातच मागे राहिली. रग्बी येथील शाळेत व लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिक्षण घेतलेला त्यांचा मुलगा पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, त्याच संस्थेत रुजू झाला. वडिलांची ती अपुरी टिपणे लावून त्यांनी १८८२-८३ च्या सुमारास प्रसिद्ध केली. भूकंपशास्त्रातील त्यांचा प्रवेश असा संपादक म्हणून झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्याने टिपलेली नोंद किती विश्वासार्ह आहे आणि तिच्यातले रिकामे राहिलेले भाग कोणते, हे पारखण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी.

पुढील काळात त्यांनी देशाचा मोठा भाग पायाखाली घातला. मणिपूर व नागा टेकड्या, सिमल्याभोवतीचा हिमालय, पंजाबातील मिठाचे डोंगर आणि अंदमान बेटे येथे त्यांनी काम केले. याच्या जोडीला त्यांचे ग्रंथकार्यही चालू होते. भारतीय भूशास्त्रावरील लेखनाची त्यांनी सिद्ध केलेली सूची १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये प्रकाशित केलेल्या भारताच्या भूशास्त्रावरील प्रमाणग्रंथाची दुसरी, बव्हंशी नव्याने लिहिलेली आवृत्ती त्यांनी १८९३ मध्ये तयार केली. केवळ या ग्रंथावरही त्यांचे नाव टिकले असते.

१२ जून १८९७ रोजी, शनिवारी, सायंकाळी पाचच्या सुमारास शिलाँगचे पठार हादरले. शिलाँग, गौहाटी आणि सिल्हेट या गावांतील दगडविटांच्या इमारती कोसळल्या. खासी टेकड्यांत दरडींखाली वस्त्या गाडल्या गेल्या. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात जमीन फाटून वाळू आणि पाणी उसळले. सुमारे १,५०० माणसे दगावली. धक्क्याचे बळ पाहता हा आकडा लहान वाटतो, परंतु त्या वेळी पुष्कळ लोक घराबाहेर होते. राजशाहीनजीक नाटोर येथे बंगालची प्रांतिक परिषद भरली होती आणि रवींद्रनाथ व अवनींद्रनाथ ठाकूर तेथे उपस्थित होते. अवनींद्रनाथांच्या घरोया या आठवणींच्या पुस्तकात त्या प्रसंगाचे वर्णन आले आहे. बंगाली साहित्याच्या वाचकांना हा भूकंप तेथे भेटतो, तर विज्ञानाच्या वाचकांना तो ओल्डहॅम यांच्या अहवालात भेटतो.

१८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल वर्णनात्मक गद्याचा एक उत्तम नमुना आहे. ओल्डहॅम व त्यांचे सहकारी उद्ध्वस्त प्रदेशात हिंडले. पडलेले स्तंभ, वळलेली थडगी, वाकलेले रूळ, तुटलेले पूल यांची त्यांनी मापे घेतली. जमिनीत रुतलेले काही मोठे धोंडे खाचेच्या कडांना न घासता उचलले जाऊन बाहेर पडलेले आढळले. त्यावरून तेथील जमिनीचा उभा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाहून अधिक झाला असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. चेद्रांग नदीच्या काठाने जमीन भंगून तिच्या दोन बाजूंत काही ठिकाणी सुमारे ३५ फुटांचा फरक पडला होता, त्याचाही त्यांनी तपशीलवार नकाशा दिला.

या कामात सर्वांत कठीण प्रश्न वेळेचा होता. त्या काळी रेल्वे व तारखाते मद्रासची वेळ पाळीत, कलकत्त्याचे घड्याळ निराळे चाले, आणि गावोगावच्या घड्याळांचा तर मेळच नसे. एकाच धक्क्याच्या शेकडो परस्परविरोधी वेळा हाती आल्या. प्राचीन ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून पाठभेदांतून मूळ पाठाकडे जाणाऱ्या संपादकाची जी अडचण, तीच ही. ओल्डहॅम यांनी सर्व वेळांची सरसकट सरासरी काढली नाही. प्रत्येक साक्षीची योग्यता त्यांनी निरनिराळी ठरविली आणि जेथे संशय होता तेथे तो नोंदवून ठेवला.

हीच दृष्टी घेऊन ते युरोपातील नोंदींकडे वळले. टोकियोजवळ झालेल्या भूकंपाची खूण जर्मनीतील पॉट्सडॅम येथील उपकरणात उमटल्याचे रेबॉर-पाश्विट्स यांनी १८८९ मध्ये ओळखले होते. तेव्हापासून दूरच्या भूकंपांची नोंद घेणारी यंत्रे वाढत होती. आसामचा धक्का इटलीतील अनेक वेधशाळांत नोंदला गेला. त्या रेषांत ओल्डहॅम यांना एकामागून एक येणाऱ्या तीन अवस्था दिसल्या. घन पदार्थातून दोन प्रकारचे तरंग जावेत, हे गणितज्ञांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच ठाऊक होते. पहिल्यात कण तरंगाच्या दिशेनेच मागेपुढे होतात, तर दुसऱ्यात ते त्या दिशेशी काटकोनात हलतात आणि हा तरंग मंद असतो. पहिल्या दोन अवस्था म्हणजे पृथ्वीच्या पोटातून आलेले हेच दोन तरंग, आणि तिसरी, मोठ्या हेलकाव्याची, पृष्ठभागावरून आलेली, असा अर्थ त्यांनी लावला. १९०० मध्ये इतर मोठ्या भूकंपांच्या नोंदी एकत्र करून त्यांनी तो अधिक दृढ केला. आज ज्यांना प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय तरंग म्हणतात ते प्रत्यक्ष भूकंपलेखात अशा रीतीने ओळखले गेले.

प्रकृतीच्या कारणास्तव १९०३ मध्ये ओल्डहॅम यांनी नोकरी सोडली व ते इंग्लंडला परतले. तीन वर्षांनी लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध मांडला. पृथ्वीच्या पोटात काय आहे, याविषयी तोवर तर्कच चालत होते. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट आणि पृष्ठावरील खडकांची जेमतेम पावणेतीनपट, म्हणून आत काही जड द्रव्य असावे, हे उघड होते. वीखर्ट यांनी १८९७ मध्ये लोहमय गाभ्याची कल्पना मांडलीही होती. परंतु तो गाभा खरोखर आहे याचा साक्षीपुरावा नव्हता.

ओल्डहॅम यांचा युक्तिवाद साधा आहे. भूकंपस्थानापासून ठाणे जितके दूर, तितका तेथे पोचणारा तरंग अधिक खोलातून आलेला असतो. दूरच्या ठाण्यांवर तरंग अपेक्षेपेक्षा लवकर येतात, म्हणजे खोलीबरोबर त्यांचा वेग वाढतो. परंतु पृथ्वीच्या केंद्राशी होणारे कोनीय अंतर सुमारे १२० अंशांच्या पुढे गेले की हा क्रम मोडतो आणि तरंग रेंगाळू लागतात. जे तरंग १२० अंशांपर्यंत जातात ते मधल्या कोणत्याही अडथळ्याला शिवलेले नसतात. त्यापलीकडचे मात्र अशा द्रव्यातून जातात ज्यात त्यांचा वेग घटतो. यावरून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश त्रिज्येचा, भिन्न द्रव्याचा गाभा मध्यभागी असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेथे पोचलेले कोणतेही साधन नव्हते. काही मिनिटांच्या विलंबातून हा शोध लागला.

या निष्कर्षात दुरुस्तीला जागा होती. दूरच्या ठाण्यांवर जे तरंग त्यांनी गाभ्यातून आलेले दुय्यम तरंग मानले, ते वस्तुतः पृष्ठभागाखालून एकदा परावर्तित होऊन आलेले होते. गाभ्याचा आकारही त्यांच्या अंदाजाहून मोठा निघाला. गुटेनबर्ग यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली आणि ती आजही जवळजवळ तशीच मानली जाते. दरम्यान १९०९ च्या क्रोएशियातील भूकंपावरून मोहोरोविचिच यांनी वरचे कवच व त्याखालचे प्रावरण यांतील सीमा शोधली होती. गाभा द्रवरूप आहे, हे जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखविले. न्यूझीलंडच्या १९२९ मधील भूकंपाच्या नोंदी तपासून त्या द्रवाच्या आत आणखी एक अंतर्गाभा असल्याचे इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये मांडले. एकाच प्रकारच्या लेखाचे हे उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेलेले वाचन आहे.

ओल्डहॅम यांना १९०८ मध्ये भूशास्त्रीय संस्थेचे लायेल पदक मिळाले, १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९२० ते १९२२ या काळात भूशास्त्रीय संस्थेचे अध्यक्ष होते. उत्तरायुष्यात दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या इतिहासात ते रमले. तरीही भारत त्यांच्या मनातून गेला नाही. १८१९ च्या कच्छच्या भूकंपावरील त्यांचे लेखन १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातच त्यांनी १८९७ च्या भूकंपाविषयीच्या आपल्या जुन्या निष्कर्षांची स्वतःच फेरतपासणी केली. १५ जुलै १९३६ रोजी वेल्समधील लँड्रिंडॉड वेल्स येथे त्यांचे निधन झाले. अंतर्गाभ्याचा शोध प्रसिद्ध झाला ते हेच वर्ष.

ओल्डहॅम यांच्या लेखनाची खरी कसोटी त्यानंतर लागली. आसामचा भूकंप हिमालयाखाली शिरणाऱ्या भ्रंशावर झाला असावा, असे पुढे बराच काळ मानले जाई. २००१ मध्ये बिल्हम व इंग्लंड या संशोधकांनी १८९७ च्या भूकंपानंतर झालेल्या त्रिकोणमितीय फेरमोजणीचे आकडे पुन्हा तपासले. शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली दक्षिणेकडे उतरत जाणारा, पृष्ठावर न आलेला एक भ्रंश त्यांनी दाखविला आणि त्यास ओल्डहॅम यांचे नाव दिले. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांतून नवा अर्थ निघू शकला, कारण त्या काळी मोजणाऱ्यांनी आपली मापे आणि आपले संशय दोन्ही जपून ठेवले होते. ज्या टेकड्यांत हजारो घरे पडली, तेथील लोकांसाठी या भ्रंशाचे ज्ञान आजही जीवनमरणाचे आहे. ओल्डहॅम यांची थोरवी गाभ्याच्या शोधात आहेच; आपल्यानंतर येणाऱ्यास आपल्याहून बरोबर वाचता येईल अशी नोंद मागे ठेवण्यात ती अधिक आहे.