तेरचे थापटणे आणि नामदेवरायांचा गज

कार्तिक शुद्ध एकादशी ही जशी पंढरीच्या यात्रेची तिथी, तशीच श्रीनामदेवरायांची जन्मतिथीही होय. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, हे त्यांचे जन्मवर्ष परंपरेने मानिले आहे. जन्मस्थान नरसी बामणी की पंढरपूर, या वादात आज आम्ही शिरत नाही. पिता दामाशेटी, माता गोणाई आणि घरचा व्यवसाय शिंप्याचा, हे मात्र सर्वश्रुत आहे.

शिंपीकामात शिवण ही पुढची गोष्ट. खरी कसोटी बेतण्यात असते. माप घ्यावे, कोरे कापड किती आटेल याचा अंदाज बांधावा, उभा-आडवा धागा पाहून खुणा कराव्या आणि मगच कात्री चालवावी. टाका चुकला तर उसवता येतो. कात्री चुकली तर कापड वाया जाते. योजनेला आपण बेत म्हणतो आणि मापाने कापण्यास बेतणे, ते उगीच नव्हे.

अशा घरातील या मुलाचे चित्त मात्र धंद्यात नव्हते. पित्याने कापड विकावयास बाजारी धाडले, तर ते दगडास उधार देऊन हा रिकाम्या हातांनी परतला, अशी कथा सांगतात. गोणाई आणि पत्नी राजाई यांनी संसाराची ओढाताण सोसली. कथेच्या भरात ही बाजू आम्ही कीर्तनकार बहुधा झपाट्याने ओलांडतो, हे कबूल केले पाहिजे.

आता तेरकडे वळू. धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात तगराहून गाड्यांनी भडोचास जाणाऱ्या साध्या कापडाचा आणि मलमलीचा उल्लेख आहे. कापडाच्या या जुन्या पेठेत एका शिंप्याचे माप घेतले गेले, आणि तेही एका कुंभाराकडून! गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई सारे होते. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली, तेव्हा नामदेवांचे वय या वेळी फार तर पंचविशीचे. मुक्ताबाईंनी थापटण्याचा उपयोग विचारला आणि गोरोबांनी ते एकेकाच्या मस्तकावर चालविले. इतर स्वस्थ बसले. नामदेव मात्र दुखावले. गोरोबांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे.

ज्याच्याशी पांडुरंग बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याला भरसभेत कच्चे ठरवावे! नामदेव रडत पंढरीस आले. तेथेही देवाने कुंभाराचाच निवाडा मान्य केला आणि गुरू करण्यास सांगितले. आम्हांस या प्रसंगी देवाचा हा निष्ठुरपणा फार मोलाचा वाटतो. लाडक्याचे माप सैल धरावे, हे त्यालाही पटले नाही. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. ते पाय उचलून ठेवावे तेथे पिंडी! देवाविण रिकामी जागा नाही, हे नामदेवांस तेथे उमगले.

पुढे हा शिंपी उत्तरेकडे दूरवर गेला. पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांत गज आणि कात्री भक्तीची साधने होऊन आली आहेत. बाजारात ज्या कामात मन रमले नाही, तेच काम वाणीत असे परतले.

वारकरी परंपरेनुसार शके १२७२ च्या, म्हणजे १३५० सालच्या आषाढ वद्य त्रयोदशीस त्यांनी पंढरपुरी महाद्वाराशी समाधी घेतली. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी जागा मागितली ती पायरीची.