चूक तिथल्या तिथे दाखविणारा गुरू : गास्पार मोंज

घराचा असो की यंत्राच्या एखाद्या भागाचा असो, नकाशा काढताना एक चित्र वरून पाहिल्यासारखे आणि एक समोरून पाहिल्यासारखे काढतात. या दोहोंच्या मेळातून वस्तूचा आकार कागदावर नेमका उतरतो. या रीतीला शास्त्राचे रूप दिले ते गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने. इंजिनियरिंगचा प्रत्येक विद्यार्थी आजही त्याचा ऋणी आहे. परंतु मोंजचे मोठेपण एवढ्या शोधातच नाही. शिकवावे कसे, याचाही एक धडा तो घालून गेला.

त्याचा जन्म १७४६ साली बोन या गावी झाला. वडील फिरस्ते व्यापारी. घरची श्रीमंती नव्हती, पण मुलांना शिकविण्याची हौस दांडगी. सोळाव्या वर्षी मोंज लिआँ येथे पदार्थविज्ञान शिकवू लागला. पुढे हाताने केलेल्या उपकरणांनी त्याने आपल्या गावाचा मोठा नकाशा काढला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि मोंज मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत दाखल झाला.

अधिकाऱ्यांचा वर्ग मात्र उच्च कुळातील मुलांसाठी राखलेला. फिरस्त्याच्या मुलाला जागा मिळाली ती नकाशे आणि प्लास्टरचे नमुने करणाऱ्यांत. एकदा त्याला किल्ल्याच्या तटाचे काम दिले. शत्रूला उंचावरून आतले दिसू नये, अशी तटाची उंची ठरवायची होती. रूढ पद्धतीने त्यास लांबलचक आकडेमोड लागे. मोंजने केवळ रेखाटनाने उत्तर काढले. इतक्या थोड्या वेळात ते होणेच शक्य नाही, म्हणून वरिष्ठ ते तपासायलाच तयार होईनात. त्याने आग्रह धरला, तेव्हा तपासले आणि बिनचूक निघाले. मग मात्र लष्कराने ही रीत कित्येक वर्षे गुप्त ठेवली, आणि मोंज त्याच शाळेत शिक्षक झाला.

१७८३ पासून तो नौदलाच्या उमेदवारांचा परीक्षक होता. राज्यक्रांतीत काही काळ नौदलमंत्रीही झाला. पण त्याचे खरे कार्य १७९४ साली पॅरिसमध्ये निघालेल्या, पुढे एकोल पोलितेक्निक नावाने गाजलेल्या संस्थेत झाले. पहिल्याच तुकडीत सुमारे ४०० विद्यार्थी. एवढ्यांपुढे व्याख्यान देता येईल, पण प्रत्येकाला समजले की नाही, हे कसे कळावे? म्हणून विद्यार्थ्यांचे लहान लहान गट पाडले. प्रत्येक गटावर त्यांच्यातलाच एक जाणता विद्यार्थी नायक नेमला आणि या नायकांना मोंजने आधी स्वतः तयार केले. व्याख्यान संपले की विद्यार्थी आपापल्या खोलीत रेखाटनास बसत. अडले तेथे नायक समजावून देई. रेघ चुकली तर शाई वाळण्यापूर्वीच कळे.

गाणे शिकविणाऱ्यास यातले मर्म सांगावे लागत नाही. स्वर उतरला तर गुरू त्याच क्षणी थांबवितो. आठ दिवसांनी दाखविलेली चूक तोवर गळ्यात मुरलेली असते. वर्षअखेरचे गुण विद्यार्थ्याची पायरी सांगतात, पण त्याला वर चढवीत नाहीत. चढविते ती वेळेवर मिळालेली दुरुस्ती. मोंज फर्डा वक्ता नव्हता. हातांच्या हालचालींनी तो हवेत आकार उभे करी आणि समोरच्यांच्या डोळ्यांत शंका दिसली की पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे.

१७९८ साली तो बोनापार्टबरोबर ईजिप्तला गेला. दोघांचा स्नेह जुना. तरी नेपोलियनने पुढे या संस्थेत फी बसविली, तेव्हा मोंजने आपले निवृत्तिवेतन गरजू विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकले. मुलांच्या स्वतंत्र बाण्यावर बादशहा रागावे, तेव्हाही तो मुलांचीच बाजू घेई.

नेपोलियनबरोबर मोंजचेही दिवस फिरले. १८१६ साली विद्वत्सभेतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. २८ जुलै १८१८ रोजी तो वारला. एकोल पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची सरकारने मनाई केली. ती त्यांनी पाळली आणि सुटी मिळताच ते सारे मिळून गुरूच्या थडग्यावर फुले वाहून आले. फ्रान्सने त्याच्या अस्थी राष्ट्रपुरुषांच्या पँथिऑन मंदिरात नेल्या त्या १९८९ साली; शिष्यांनी दिलेला मान त्याच्या १७१ वर्षे आधीचा.