तंजावर दरबारातील कवयित्री मुद्दुपळनी

तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह भोसले यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळनी या तेलुगू कवयित्रीला दरबारी मान होता. गणिका घराण्यात जन्मलेल्या मुद्दुपळनी यांच्या आजी तंजनायकी याही कवयित्री होत्या. विद्वानांचा आपण धनाने सत्कार केला आणि आपल्याला ग्रंथ अर्पण झाले, अशी नोंद मुद्दुपळनी यांनी आपल्या काव्याच्या आरंभी अभिमानाने केली आहे.

‘राधिका सांत्वनम’ हे त्यांचे प्रमुख काव्य. आपण वाढवलेल्या इलेचा राधा कृष्णाशी विवाह लावून देते. पुढे तीच मत्सराने व्याकूळ होते आणि कृष्ण तिची समजूत घालतो, असे त्याचे कथानक आहे. आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चा तेलुगू अनुवादही त्यांनी केला.

१८८७ साली हे काव्य काटछाट करून छापण्यात आले. समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी कवयित्रीच्या व्यवसायावर बोट ठेवून ते अश्लील ठरवले. पुरुष कवींच्या तशाच शृंगाराला मात्र आक्षेप घेतला जात नाही, असे गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी दाखवून दिले आणि १९१० मध्ये संपूर्ण संहिता प्रसिद्ध केली. ब्रिटिश सरकारने १९११ मध्ये तिच्या प्रती जप्त केल्या. मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री टंगुटुरी प्रकाशम यांच्या काळात बंदी उठली आणि १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली. दरबाराने गुणांवर दिलेला मान कवयित्रीला परत मिळण्यास असा दीर्घ काळ जावा लागला.