ज्ञानेश्वरी १२९० ची, मग तिच्या जयंतीची तिथी १५८४ ची का? एकनाथ महाराजांनी केलेल्या कामाची गोष्ट

मुदखेड असो की पैठण, मराठवाड्यातल्या गावात सप्ताह बसला की ज्ञानेश्वरीचं पारायण आलंच. व्यासपीठचालक वाचत जातात आणि मंडपातले वाचक आपापल्या पोथीत बघून त्यांच्याबरोबर वाचतात. सगळ्यांच्या पोथीत तीच ओवी असते, म्हणून हे जमतं.

साडेचारशे वर्षांपूर्वी मात्र याची खात्री नव्हती. ती ज्यांच्यामुळे आली, ते पैठणचे संत एकनाथ.

नेमकी अडचण काय होती?

ज्ञानेश्वरी ही मुळात टीका आहे. टीका म्हणजे नावं ठेवणं नाही, तर एखाद्या ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९ हजार ओव्या सांगितल्या.

तेव्हा छपाई नव्हती. ग्रंथ हवा असेल तर हाताने नक्कल करावी लागायची. पोथीच्या पानावर चारी बाजूंनी कोरी जागा सोडलेली असायची, तिला समास म्हणतात. वाचणारा तिथे अवघड शब्दाचा अर्थ लिहायचा. नक्कल करताना सुटलेली ओळही तिथेच लिहिली जायची.

गोंधळ इथेच व्हायचा. पुढचा नक्कल करणारा समासातली ओळ बघायचा, पण ती राहून गेलेली मूळ ओळ आहे की कुणा वाचकाची टीप, हे त्याला कसं कळणार? मग टीपही ग्रंथात जाऊन बसायची. शिवाय काही जण जुने शब्द बदलायचे, तर काही जण आपल्या ओव्या घालायचे. अशा घुसवलेल्या मजकुराला क्षेपक म्हणतात. जवळपास तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींमध्ये बरेच पाठभेद शिरले होते.

एका दमडीसाठी रात्रभर जागरण

एकनाथांचा जन्म पैठणचा. पंढरपूरच्या विठ्ठलाचे भक्त संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले आणि आजोबांनी त्यांना वाढवलं. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकायला गेले.

तिथली एक गोष्ट कीर्तनात हमखास सांगितली जाते. स्वामींनी त्यांना हिशेबाचं काम दिलं होतं. एकदा एका दमडीचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या तपासत बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. गोष्ट खरी की रचलेली, हे बाजूला ठेवू. पण पुढे त्यांनी जे काम केलं, त्याला असाच माणूस लागतो.

आपलं म्हणणं कुठे मांडायचं?

नाथ स्वतः मोठे टीकाकार होते. भागवतातल्या फक्त ४ श्लोकांवर त्यांनी हजाराहून जास्त ओव्या लिहिल्या. तो ग्रंथ म्हणजे चतुःश्लोकी भागवत. मग भागवताचा अकरावा स्कंध घेतला आणि त्याच्या ३१ अध्यायांवर १८ हजारांहून जास्त ओव्या रचल्या. पैठणला सुरू झालेलं हे काम शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण झालं. संस्कृत ग्रंथाचा अर्थ मराठीत सांगितला म्हणून तिथल्या पंडितांनी विरोध केला, असं परंपरा सांगते. तोच ग्रंथ आज एकनाथी भागवत म्हणून घरोघरी वाचला जातो.

म्हणजे ज्ञानेश्वरीबद्दल नाथांकडे सांगण्यासारखं भरपूर होतं आणि ओवी तर हातात खेळत होती. ज्ञानेश्वरीत चार ओव्या मिसळल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता.

त्यांनी तसं केलं नाही. पाठभेद तपासून अशुद्ध पाठ दूर केले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. शेवटी जोडलेल्या मोजक्या ओव्यांत त्यांनी हे काम कधी आणि का केलं ते नोंदवलं. यापुढे कुणी या ग्रंथात आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल, असंही बजावलं. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी.

काम पूर्ण झालं तो दिवस भाद्रपद वद्य षष्ठीचा. ज्ञानेश्वरी जयंती आजही त्याच तिथीला साजरी होते. १५९९ मध्ये नाथांनी पैठणला देह ठेवला. फाल्गुन वद्य षष्ठीला तिथे भरणारी नाथषष्ठीची यात्रा त्यांचीच.

पुस्तकावर लिहावं की नाही?

पुस्तकावर पेन्सिल चालवायला अनेकांना संकोच वाटतो. पण टीकेची ही सगळी परंपरा वाचता वाचता सुचलेलं लिहून ठेवण्यातूनच वाढली. अडलेल्या शब्दाचा अर्थ समासात लिहिला, न पटलेल्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, की वाचन सावकाश होतं आणि लक्षातही राहतं.

नाथांचं पथ्य तेवढं पाळायला हवं. लेखकाचं कुठलं आणि आपलं कुठलं, हे पुढच्या वाचकाला ओळखू आलं पाहिजे. पुस्तक वाचनालयाचं असेल किंवा सांगायचं खूप असेल, तर सरळ वेगळी वही करावी. नाथांच्या अशाच वेगळ्या लिखाणातून एकनाथी भागवत उभं राहिलं आणि ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांचीच राहिली.