खेकड्यांच्या कपाळावरचे गणित

आधुनिक संख्याशास्त्राचे एक प्रवर्तक कार्ल पिअर्सन यांचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी झाला. रँग्लर परांजपे यांच्यामुळे महाराष्ट्राला पुढे परिचित झालेल्या केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते १८७९ साली तिसरे आले. जर्मनीत शिक्षण, कायदा, इतिहास अशी मुशाफिरी करून १८८४ मध्ये ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे उपयोजित गणिताचे प्राध्यापक झाले. संख्याशास्त्राकडे ते वळले ते बरेच उशिरा, आणि तेही खेकड्यांमुळे.

त्यांचे सहकारी प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी नेपल्सच्या एक हजार मादी खेकड्यांची मापे घेतली होती. अशा मापांचा आलेख सहसा घंटेच्या आकाराचा, म्हणजे प्रसामान्य वितरणाचा येतो. कपाळाच्या रुंदीचा आलेख मात्र एका बाजूला कलला. एकाच जातीतून दोन वाण फुटत आहेत काय, अशी शंका वेल्डन यांना आली. ती खरी ठरती तर डार्विनचा सिद्धांत आकड्यांत दिसला असता.

पिअर्सन यांनी १८९४ मध्ये हा आलेख दोन प्रसामान्य वितरणांचे मिश्रण मानून सोडवला. दोन सरासऱ्या, दोन प्रमाण विचलने आणि मिश्रणाचे प्रमाण अशा पाच अज्ञात संख्यांसाठी नवव्या घाताचे समीकरण हाताने सोडवावे लागले! उत्तर आले सुमारे ४१ आणि ५९ टक्के. पण कागदावर दोन गट पडले म्हणजे समुद्रातही दोनच वाण असतात, असे नव्हे. एकसंध समूहाचा आलेखही कललेला असू शकतो. तशा वक्रांची कुळे १८९५ मध्ये खुद्द पिअर्सन यांनीच मांडली. १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी ईएम पद्धती मांडल्यानंतर हे गणित संगणकाच्या आवाक्यात आले. आज ‘आर’ प्रणालीतील ‘एमक्लस्ट’ ते क्षणात करते. गट खरे की भासमान, हा पेच मात्र सुटलेला नाही.

दुर्दैवाने माणसांच्या बाबतीत पिअर्सन यांनी हा सावधपणा पाळला नाही. १९११ पासून ते सुप्रजननशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२५ मध्ये ज्यू निर्वासितांच्या मुलांची मापे घेऊन त्यांनी स्थलांतराविरुद्ध निष्कर्ष काढले. १९३३ मध्ये ते निवृत्त झाले आणि २७ एप्रिल १९३६ रोजी निधन पावले. त्यांच्याच महाविद्यालयाने २०२० मध्ये इमारतीवरील त्यांचे नाव काढून टाकले.