लातूरच्या शेतात उतरणारं पॅराशूट आणि होमी भाभा

होमी भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते. पण नांदेड-लातूरच्या शेतांशी त्यांचं एक वेगळंच नातं आहे. ते जोडलं पॅराशूटने.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईतल्या पारशी घरात झाला. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं, ही घरच्यांची इच्छा. 1927 मध्ये ते केंब्रिजला गेले, इंजिनिअरिंग पूर्णही केलं. पण मन रमलं भौतिकशास्त्रात, त्यातही कॉस्मिक किरणांत.

हे किरण म्हणजे अंतराळातून सतत येणारे अतिवेगवान कण. ते हवेवर आदळले की नव्या कणांचा अक्षरशः पाऊस पडतो. तो कसा पडतो, याचं गणित भाभांनी 1937 मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत मांडलं.

1939 मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहूनच गेलं. आधी बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या विभागात काम केलं, मग 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर उभी केली.

आता अडचण अशी, की मूळ कॉस्मिक कण सहसा जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते पकडायला उपकरणं उंच न्यावी लागतात. त्यासाठी आधी विमान वापरलं, मग रबरी फुगे आणि पुढे प्लास्टिकचे अवाढव्य बलून. हे बलून 30 किलोमीटरच्याही वर जातात.

पण खरी परीक्षा खाली येताना असते. त्या काळी कणांच्या खुणा खास फोटोग्राफिक प्लेटवर उमटायच्या. प्लेट फुटली, हरवली किंवा तिला उजेड लागला, की उड्डाण वाया. म्हणून बलून आणि उपकरणांच्या मध्ये पॅराशूट लटकवलेलं असतं. प्रयोग संपला की बलून वेगळा होतो आणि उपकरणं पॅराशूटवर अलगद उतरतात.

या उड्डाणांसाठी हैदराबाद सोयीचं ठरलं, कारण ते पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. वारा नेईल तिकडे उपकरणं उतरतात, कधी तेलंगणात, कधी मराठवाड्यात.

24 जानेवारी 1966 रोजी जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असलेलं एअर इंडियाचं विमान मॉन्ट ब्लांकवर कोसळलं. 117 जण गेले, त्यात 56 वर्षांचे भाभाही होते. हैदराबादचं कायमस्वरूपी बलून केंद्र 1969 मध्ये उभं राहिलं. ते पाहायला भाभा नव्हते.

भाभांच्याच अणुऊर्जा विभागाअंतर्गत 1962 मध्ये विक्रम साराभाईंची अंतराळ समिती स्थापन झाली होती. तिच्यातूनच पुढे इस्रो घडली. आज गगनयानमधून माणसं सुखरूप परत आणण्यासाठी इस्रो 10 पॅराशूटची प्रणाली तपासतेय. 24 ऑगस्ट 2025 रोजी चिनूक हेलिकॉप्टरमधून सुमारे 5 टनांचं नमुना यान सोडून तिची चाचणी झाली. शेवटी मुख्य पॅराशूट 3 उघडतात, पण त्यातली 2 उघडली तरी यान सुरक्षित उतरू शकतं. वर जाण्याइतकंच सुखरूप खाली येणंही महत्त्वाचं, हे तत्त्व इथेही तेच.

नांदेड, लातूरसह मराठवाड्यातल्या जिल्ह्यांना टीआयएफआर आजही सूचना देते. आकाशातून असा डबा उतरला तर घाबरू नका, पण उघडूही नका. काही उपकरणांत जास्त दाबाची वीज असू शकते. डब्यावर पत्ता आणि फोन नंबर असतो. तिथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. त्या डब्यात कुणाची तरी अनेक वर्षांची मेहनत असते.