कप्तान वेर्नर हार्टेनस्टाईन

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पाणबुड्यांचा इतिहास म्हणजे बहुतांशीं बुडालेल्या जहाजांची व मेलेल्या माणसांची यादीच होय. त्या यादींत एक पान मात्र असें आहे कीं, त्यावर बुडविणारा व वांचविणारा एकच मनुष्य आहे. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. विद्यार्थ्यांनीं त्याची पूजा करावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याच्या आयुष्यांतील चार दिवस लहानथोरांनीं विचार करण्याजोगे खास आहेत.

वेर्नर हार्टेनस्टाईन ह्याचा जन्म २७ फेब्रुवारी १९०८ रोजीं, समुद्रापासून पुष्कळ दूर असलेल्या सॅक्सनी प्रांतांतील प्लाउएन शहरीं झाला. १९२८ सालीं तो आरमारांत शिरला, १९४१ सालीं पाणबुड्यांच्या खात्यांत गेला, आणि त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं यू-१५६ ह्या नव्या पाणबुडीचा कप्तान झाला. ही पाणबुडी ब्रेमेन येथें बांधलेली असून सुमारें ७७ मीटर लांब होती. यंत्रें, नळ व टॉर्पेडो ह्यांच्या दाटींत पन्नासांवर माणसें महिनेच्या महिने कशीं राहत असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

१९४२ च्या फेब्रुवारींत त्यास कॅरिबियन समुद्रांतील अरूबा बेटाकडे पाठविण्यांत आलें. तेथें दोस्त राष्ट्रांस तेल पुरविणारा प्रचंड कारखाना होता. १६ तारखेस मध्यरात्रीनंतर त्यानें बंदरांतील तेलवाहू जहाजांवर टॉर्पेडो सोडले. तेल पेटलें व खलाशी मेले. मग कारखान्यावर तोफ डागण्याचा हुकूम झाला. तोफेंत पाणी शिरूं नये म्हणून तिच्या तोंडास बसविलेलें झांकण घाईंत काढावयाचें राहून गेलें होतें. पहिलाच गोळा नळींत फुटला. त्या अपघातांत एक खलाशी मेला व एका अधिकाऱ्याचा पाय गेला. त्या अधिकाऱ्यास हार्टेनस्टाईननें मार्टिनिक बेटावर उतरविलें, फाटलेली नळी करवतीनें कापविली, आणि त्या आंखूड तोफेनेंच पुढें जहाजें बुडविलीं. असा हा जिद्दीचा व कठोर योद्धा होता. त्याच्या पाणबुडीनें एकंदर सुमारें २० जहाजें, म्हणजे ९७ हजारांहून अधिक टनभार, समुद्रतळीं धाडला.

१२ सप्टेंबर १९४२ च्या सायंकाळीं, दक्षिण अटलांटिक महासागरांत असेन्शन बेटाच्या ईशान्येस, त्यास लॅकोनिया हें मोठें ब्रिटिश जहाज गांठतां आलें. हें मूळचें उतारूंचें जहाज. युद्धांत सैन्य नेण्याकरितां घेतलेलें व तोफा चढविलेलें. त्यावर हल्ला करण्यास युद्धाच्या नियमांची आडकाठी नव्हती. त्यानें सोडलेले दोन टॉर्पेडो बरोबर लागले. परंतु आंत कोण आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. सुवेझहून केप टाउनमार्गें इंग्लंडास चाललेल्या त्या जहाजावर सुमारें २७०० माणसें होतीं. त्यांपैकीं सुमारें १८०० इटालियन युद्धकैदी, म्हणजे जर्मनीच्या मित्रराष्ट्राचेच शिपाई होते. शिवाय ब्रिटिश स्त्रिया व मुलें होतीं. पुष्कळ कैदी तळाशीं कोंडलेल्या स्थितींतच बुडाले.

पाणबुडी पृष्ठभागावर येऊन जवळ गेली, तेव्हां अंधारांतून इटालियन भाषेंत मदतीच्या हांका ऐकूं आल्या. येथें त्याची कसोटी लागली. बुडी मारून निघून जाणें सोपें व निर्धोक होतें. तो थांबला. प्रथम इटालियन वर घेतले. पण लवकरच इटालियन, इंग्रज व पोलिश हा भेद उरला नाहीं. सकाळपर्यंत त्या दाटींत आणखी सुमारें दोनशें जीव मावले. खलाशांनीं आपले बिछाने स्त्रियांस दिले व गरम अन्न वाटलें. १३ तारखेस त्यानें सांकेतिक लिपि बाजूस ठेवून उघड इंग्रजींत बिनतारी संदेश धाडला. त्यांत आपलें ठिकाण सांगितलें, आणि मदतीस येणारें जहाज आपणांवर हल्ला न करील तर आपणही त्यावर हल्ला करणार नाहीं, असें वचन दिलें. युद्धाच्या ऐन भरांत शत्रूस आपला ठावठिकाणा सांगणें म्हणजे मान पुढें करण्यासारखेंच होतें. पाणबुड्यांचा सेनापति डोनिट्झ ह्यानें यू-५०६, यू-५०७ व इटलीची कॅपेलिनी ह्या पाणबुड्या मदतीस धाडल्या; फ्रेंच जहाजेंही निघालीं.

१६ सप्टेंबर रोजीं, माणसांनीं भरलेल्या होड्या ओढीत असतां, असेन्शनच्या तळावरील एक अमेरिकन विमान वर आलें. हार्टेनस्टाईननें तांबड्या क्रॉसचें मोठें निशाण पसरलें. विमानानें तळाकडे विचारणा केली, बुडविण्याचा हुकूम आला, बॉम्ब पडले. एक बॉम्ब होड्यांमध्येंच फुटला. आपली पाणबुडी वांचविण्यासाठीं त्यास होड्यांचे दोर तोडावे लागले, वर घेतलेलीं माणसें पुन्हां समुद्राच्या स्वाधीन करावीं लागलीं, व बुडी घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशीं फ्रेंच जहाजें पोंहोचलीं. सुमारें ११०० लोक वांचले, सुमारें १६०० मेले. एक भरकटलेली होडी २७ दिवसांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागली. तींतील ६८ पैकीं १६ च जिवंत होते.

ह्या घटनेचें फळ कडू निघालें. १७ सप्टेंबर रोजीं हार्टेनस्टाईनला मोठें युद्धपदक जाहीर झालें. त्याच दिवशीं डोनिट्झनें आपल्या सर्व पाणबुड्यांस हुकूम दिला कीं, बुडालेल्या जहाजांवरील लोकांस वांचविण्याचा प्रयत्न करूं नये. पुढें न्युरेंबर्गच्या खटल्यांत हा हुकूम त्याच्याविरुद्ध मांडण्यांत आला. १९४६ सालीं त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. मात्र ती पाणबुडी-युद्धाच्या नियमभंगाबद्दल धरलेली नव्हती.

८ मार्च १९४३ रोजीं बार्बाडोसच्या पूर्वेस अमेरिकन विमानानें यू-१५६ बुडविली. कांहीं खलाशी पाण्यांत तरंगतांना दिसले, तेव्हां त्याच विमानांतील लोकांनीं त्यांच्यासाठीं तराफा खालीं टाकला. पुढें एका विनाशिकेनें शोध घेतला, पण कोणीच सांपडलें नाहीं. पाणबुडीवरील ५३ ही जण गेले. हार्टेनस्टाईन त्या वेळीं अवघा ३५ वर्षांचा होता.

लॅकोनियाचें मरण त्याच्या टॉर्पेडोनें ओढवलें, आणि वांचलेल्यांपैकीं पुष्कळ त्याच्या हातानें वांचले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. दुसरीनें पहिली पुसली जात नाहीं. पहिलीमुळें दुसरी खोटीही ठरत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यांतून एवढें घ्यावें कीं, आपल्याच हातून घडलेल्या अनर्थाकडे पाठ फिरवून निघून जाणें नेहमींच सोपें असतें. थांबून हांकेस ओ देणें कठीण. त्याचें फळ काय मिळेल हें आपल्या हातीं नाहीं. थांबणें मात्र आपल्या हातीं आहे.